संस्थेची शाळा सरकारी की खाजगी? फॉर्ममध्ये नेमकं काय लिहायचं

तुमचा प्रश्न मला असा समजला. मुलगी तालुक्याच्या गावी एका जुन्या शिक्षण संस्थेच्या हायस्कुलात आठवीत आहे. शाळेच्या कागदावर व्यवस्थापनाच्या रकान्यात 'खाजगी अनुदानित' असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं, आणि कुणीतरी सांगितलं की एनएमएमएस, म्हणजे आठवीत परीक्षा घेऊन दिली जाणारी शिष्यवृत्ती, खाजगी शाळेतल्या मुलांना मिळत नाही. मेहुणे म्हणतात, शिक्षकांचा पगार सरकार करतं, म्हणजे शाळा सरकारीच. शिवाय धाकट्याला त्याच संस्थेच्या इंग्रजी शाळेत शिक्षण हक्क कायद्यातल्या पंचवीस टक्क्यांच्या राखीव जागेवर पहिलीत घालता येईल का, आणि तुमच्या बी.एड. झालेल्या पत्नीला त्याच इंग्रजी शाळेत नोकरी देऊ करताहेत तर 'खाजगी' नोकरीला काही कायदा असतो का, हेही विचारलं आहे.

मी अशाच एका संस्थेच्या हायस्कुलात कनिष्ठ लिपिक म्हणून लागले आणि मुख्य लिपिक म्हणून निवृत्त झाले. पगारबिलं, संचमान्यता (म्हणजे शाळेला किती पदं मंजूर ते ठरवणारा कागद), दाखले, शिष्यवृत्त्या सगळं माझ्या हाताखालून गेलं. शाळेच्या खिडकीवर सर्वांत जास्त वेळा आलेला प्रश्न हाच असेल: "मॅडम, आपली शाळा खाजगी का हो?" त्यावर मी उलट विचारायचे, "कशासाठी पाहिजे?" लोकांना वाटायचं, बाई टाळते आहे. पण ते कळल्याशिवाय उत्तरच देता येत नाही.

आधी थोडक्यात सांगते. मुलगी शिष्यवृत्तीला बसू शकते, फक्त तिच्या तुकडीची एक खात्री करून घ्या. धाकट्यासाठी पंचवीस टक्क्यांचा अर्ज करता येईल, पण संस्था अल्पसंख्याक दर्जाची नसेल तरच. पत्नीच्या नोकरीला कायदा आहे, आणि बराच आहे. पण त्या नोकरीत सरकारी पगार नाही, आणि पहिली ते पाचवीसाठी नेमत असतील तर बी.एड. पुरणार नाही. आता यामागचं कारण सांगते, म्हणजे पुढच्या वेळी कुणाला विचारावं लागणार नाही.

गोंधळ असा होतो की 'खाजगी' या एका शब्दाला आपण दोन वेगळे प्रश्न विचारतो. शाळा चालवतं कोण, हा एक. शाळेचा खर्च उचलतं कोण, हा दुसरा. तुमच्या मुलीच्या शाळेत पहिल्याचं उत्तर 'संस्था' आणि दुसऱ्याचं 'सरकार' असं येतं. घर चुलत्याचं आणि किराणा सरकारचा, असा हा संसार आहे. मेहुणे किराण्याकडे बघून बोलतात, कागदावरचा रकाना घराच्या मालकाचं नाव सांगतो. दोघंही खोटं बोलत नाहीत.

कायद्याच्या भाषेत शाळा खाजगी ठरते ती चालवणाऱ्यावरून. महाराष्ट्र खाजगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ यात खाजगी शाळेची व्याख्या आहे. सरकार किंवा स्थानिक प्राधिकरण सोडून दुसऱ्या कुठल्या व्यवस्थापनानं स्थापलेली किंवा चालवलेली मान्यताप्राप्त शाळा ती खाजगी. पैशाचा तिथे उल्लेखच नाही. उलट हा कायदा अनुदान मिळणाऱ्या आणि न मिळणाऱ्या अशा दोन्ही शाळांना लागू आहे, असं पुढच्याच कलमात स्पष्ट म्हटलं आहे. म्हणून शंभर टक्के अनुदान घेणारं हायस्कूलही या कायद्यापुरतं पक्कं खाजगी.

२००९चा शिक्षण हक्क कायदा मात्र शाळांची वाटणी पैशावरून करतो. सरकारची किंवा स्थानिक प्राधिकरणाची शाळा, पूर्ण किंवा थोडं अनुदान घेणारी शाळा, केंद्रीय विद्यालय-नवोदय-सैनिकी शाळांसारखी विशिष्ट प्रवर्गातली शाळा, आणि कुठलंच अनुदान न घेणारी शाळा, असे चार गट त्यात आहेत. या वाटणीत तुमच्या मुलीची शाळा दुसऱ्या गटात आणि त्याच आवारातली इंग्रजी शाळा चौथ्या गटात जाते. पाटीवर संस्था एकच, शेजारी शेजारी इमारती, पण कायद्याच्या दृष्टीनं दोन निराळ्या शाळा. बहुतेक शिष्यवृत्त्या, योजना आणि सवलती याच दुसऱ्या पद्धतीनं चालतात.

महाराष्ट्रात हा पेच इतका का, त्याला इतिहास आहे. १८५४च्या वुडच्या खलित्यानं खाजगी प्रयत्नांना सरकारी अनुदान देण्याची पद्धत आणली. पुढे १८८२मध्ये हंटर आयोगापुढे जोतीराव फुल्यांनी निवेदन दिलं. सरकारचा पैसा वरच्या शिक्षणावर खर्च होतो आणि शेतकऱ्याचं पोर प्राथमिक शिक्षणाला मुकतं, ही त्यातली मुख्य तक्रार होती. आयोगाच्या शिफारशींनी प्राथमिक शिक्षण स्थानिक मंडळांकडे आणि माध्यमिक शिक्षण शक्यतो खाजगी संस्थांकडे, अनुदान देऊन, असं वळण दिलं. तोवर पुण्यात चिपळूणकर-टिळकांचं न्यू इंग्लिश स्कूल १८८०मध्ये उघडलेलं होतं आणि १८८४मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी आली. मग नाशिकची मराठा विद्या प्रसारक, १९१९मध्ये कराड तालुक्यातल्या काले गावी भाऊराव पाटलांनी स्थापलेली रयत, अमरावतीला पंजाबराव देशमुखांची शिवाजी शिक्षण संस्था, १९५४मध्ये बापूजी साळुंख्यांची स्वामी विवेकानंद संस्था. वर्गणीतून, धान्याच्या मुठीतून, दान मिळालेल्या जागेवर ही हायस्कुलं उभी राहिली. त्यांना खाजगी म्हटलं तर गावातला जुना माणूस आजही चमकतो, कारण त्याच्या लेखी ती गावाची शाळा असते.

म्हणून आपल्याकडे चौथीपर्यंत जिल्हा परिषदेची शाळा आणि पाचवीपासून संस्थेचं हायस्कूल असा रस्ता पिढ्यान् पिढ्या पडलेला आहे. गोव्यातही हायस्कुलं बहुतांशी अनुदानित संस्थांचीच. आणि बोलण्यात 'प्रायव्हेट' म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे येते ती टाय, व्हॅन आणि भरमसाठ फीची इंग्रजी शाळा. संस्थेच्या शाळेला कुणी प्रायव्हेट म्हणत नाही, 'संस्थेची' म्हणतात. बोलीतली ही वाटणी व्यवहाराला सोयीची आहे, पण ती घेऊन सरकारी फॉर्मपुढे बसलं की गडबड होते.

अनुदानाच्याही पायऱ्या आहेत. पूर्ण अनुदानित शाळेत मंजूर पदांवरच्या शिक्षकांचा पगार शालार्थ या सरकारच्या ऑनलाइन वेतन प्रणालीतून, शिक्षण खात्याच्या वेतन पथकाच्या मंजुरीनं, थेट बँकेत जमा होतो. नेमणूक संस्थेची, ज्येष्ठता यादी संस्थेची, संस्थेच्या दुसऱ्या शाळेत बदली करायची तर तीही संस्थाच करते. तिजोरी मात्र सरकारी. त्याखाली अंशतः अनुदानित, म्हणजे वीस, चाळीस, साठ टक्क्यांच्या टप्प्यांवर अडकलेल्या शाळा. या बहुतेक आधी 'कायम विनाअनुदानित' अटीवर उघडलेल्या होत्या. अनुदान कधीही मागणार नाही असं लिहून देऊन परवानगी घेतलेल्या. २००९मध्ये त्यातला 'कायम' शब्द सरकारनं काढला, तेव्हापासून मूल्यांकन, पात्र यादी, टप्पा, आझाद मैदानावरचं आंदोलन, हे चक्र चालू आहे. वीस टक्के पगारावर संसार रेटणारे शिक्षक मी जवळून पाहिले आहेत, त्याबद्दल इथे जास्त लिहीत नाही, नाहीतर उत्तर तिकडेच वाहवत जाईल. सर्वांत शेवटी स्वयंअर्थसहाय्यित शाळा, २०१२च्या कायद्याखाली मान्यता घेतलेल्या. नावातच सांगितलं आहे, सरकारकडून काही नाही. गेल्या दहा-बारा वर्षांत उघडलेल्या नव्या इंग्रजी शाळा बहुतेक याच गटातल्या.

आता तुमच्या मुलीचं. एनएमएमएस, म्हणजे राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्ती, ही केंद्राची योजना आहे आणि आपल्याकडे परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. पात्रता आहे शासकीय, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांत आठवीत शिकणाऱ्या मुलांना. विनाअनुदानित शाळा, केंद्रीय विद्यालय, नवोदय आणि सरकारी वसतिगृहासह चालणाऱ्या निवासी शाळा यांना ती नाही. यात एक मजा बघा: केंद्रीय विद्यालय शंभर टक्के सरकारी असून बाहेर, आणि तुमचं 'खाजगी' हायस्कूल आत. सरकारी-खाजगी या मोजपट्टीनं हा नियम समजूच शकत नाही. पालकांचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत हवं आणि सातवीला ५५ टक्के गुण हवेत, अनुसूचित जाती-जमातीच्या मुलांना त्यात पाच टक्के सूट आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये. परीक्षेचा अर्ज तुम्ही बाहेरून भरायचा नाही. शाळा आपल्या लॉगिनमधून भरते. त्यामुळे नेट कॅफेवाल्याला काय वाटतं, हा मुद्दाच नाही.

वर तुकडीची खात्री करा म्हटलं, ते का? एकाच अनुदानित हायस्कुलात सगळ्या तुकड्या अनुदानित असतातच असं नाही. अ आणि ब तुकडी जुनी, अनुदानित; मुलं वाढली म्हणून काढलेली क तुकडी नैसर्गिक वाढीची, विनाअनुदानित; पुष्कळ ठिकाणी सेमी इंग्रजीची तुकडीही तशीच. गणवेश तोच, घंटा तीच, शिक्षकसुद्धा कधी कधी तेच. पालकांना फरक कळतो तो फी भरताना, कारण विनाअनुदानित तुकडीची फी वेगळी असते. तुम्ही आठवीच्या प्रवेशाला शाळेकडे बरीच रक्कम भरली असेल आणि शेजारच्या मुलीनं नाममात्र, तर समजा की काहीतरी वेगळं आहे. पावती काढून बघा. अशा तुकडीतल्या मुलाला शिष्यवृत्तीत कसं धरायचं हे त्या वर्षीच्या परिपत्रकातल्या शब्दांवर ठरतं, म्हणून मुख्याध्यापकांना थेट विचारा: "माझी मुलगी अनुदानित तुकडीत आहे का?" हा प्रश्न विचारला की समोरचा माणूस गोल गोल बोलू शकत नाही.

दुसरी गोष्ट दहावीनंतरची, आणि इथे मुलं फार फसतात. शिष्यवृत्ती चालू राहायची तर पुढेही पात्र प्रकारच्याच शाळेत किंवा कनिष्ठ महाविद्यालयात शिकावं लागतं. अकरावीला क्लासशी बांधलेल्या एखाद्या स्वयंअर्थसहाय्यित कॉलेजात प्रवेश घेतला की ती बंद होते. प्रवेशाच्या वेळी कॉलेजवाले हे सांगत नाहीत. मग मार्चमध्ये पालक शाळेच्या खिडकीवर येऊन विचारतात, पैसे का आले नाहीत.

बरीच वर्षं पाचवी-आठवीला होत आलेल्या जुन्या शिष्यवृत्ती परीक्षेशी हिची गल्लत करू नका. तिला कुठल्याही शासनमान्य शाळेतली मुलं बसू शकतात, अनुदान असो नसो. गावात कुणी 'आमची प्रायव्हेट असून आमचा मुलगा बसला' असं म्हणालं, तर बहुधा तो या परीक्षेबद्दल बोलतो आहे.

अनुदानित शाळेतल्या मुलांना काय मिळतं याचीही सरमिसळ आहे. आठवीपर्यंत शालेय पोषण आहार मिळतो, पाठ्यपुस्तकं मिळतात. मोफत गणवेश मात्र सरकारी आणि जिल्हा परिषद-नगरपालिकेच्या शाळांपुरता. हे ऐकून पालक चिडतात, आणि चिडण्यासारखं आहेही: भात देताना आमची पोर सरकारी आणि कपडे देताना खाजगी. पण ही शाळेची लबाडी नव्हे, योजनेची रचना तशी आहे. मुख्याध्यापकांशी भांडून उपयोग नाही.

धाकट्याकडे येऊ. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२नुसार पहिलीच्या किंवा त्याआधीच्या प्रवेशवर्गातल्या २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी ठेवायच्या, ही जबाबदारी मुख्यतः विनाअनुदानित शाळांवर आहे. म्हणजे या वेळी 'अनुदान नाही' हीच तुमच्या उपयोगाची गोष्ट. संस्थेची इंग्रजी शाळा स्वयंअर्थसहाय्यित असेल तर ती यात येते. अपवाद अल्पसंख्याक संस्थांचा. सर्वोच्च न्यायालयानं आधी २०१२मध्ये विनाअनुदानित अल्पसंख्याक शाळांना आणि मग २०१४मध्ये सगळ्याच अल्पसंख्याक शाळांना हा कायदा लागू होत नाही असं ठरवलं. अल्पसंख्याक म्हटलं की आपण धर्माचाच विचार करतो, पण भाषिक अल्पसंख्याक दर्जाही असतो; मुंबई-पुण्यात अशा शाळा पुष्कळ आहेत. शाळेचं नाव बघून ते कळत नाही.

२०२४मध्ये या जागांवर मोठा घोळ झाला होता, तो तुम्ही ऐकला असेल. जवळ एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खाजगी विनाअनुदानित शाळेला या जागा द्याव्या लागणार नाहीत, असा नियम राज्यानं त्या फेब्रुवारीत केला. तो टिकला असता तर तुमच्यासारख्या गावात, जिथे झेडपीची शाळा प्रत्येक वळणावर आहे, एकही जागा उरली नसती. मुंबई उच्च न्यायालयानं आधी स्थगिती दिली आणि जुलैमध्ये तो रद्दच केला. तेव्हा 'आता पंचवीस टक्के बंद झालं' असं कुणी सांगितलं तर ती अर्धवट बातमी आहे.

उत्पन्नाच्या दाखल्याचं लक्षात ठेवा, कारण इथे आकडा वेगळा आहे. खुल्या प्रवर्गातल्या दुर्बल घटकासाठी मर्यादा एक लाखाची आहे. अनुसूचित जाती-जमाती, विमुक्त-भटके, इतर मागास, विशेष मागास यांना उत्पन्नाची अट नाही, जातीचा दाखला लागतो. तुमचं उत्पन्न समजा दोन लाख असेल आणि प्रवर्ग खुला असेल, तर मुलगी शिष्यवृत्तीत बसेल पण मुलगा पंचवीस टक्क्यांत बसणार नाही. तहसीलचा एकच दाखला दोन्हीकडे जोडून लोक एकीकडे पात्र आणि दुसरीकडे अपात्र ठरतात, आणि मग दोष शाळेला देतात. घरापासूनचं अंतर आणि वय हे त्या त्या वर्षीच्या सूचनेत बघा. प्रवेश ऑनलाइन सोडतीनं होतो, संस्थेच्या सचिवांची ओळख त्यात चालत नाही. चालते असं सांगणारा भेटला तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

सोडतीत नंबर लागला नाही आणि फी भरूनच घालायचं ठरवलं, तर दोन गोष्टी. देणगीच्या नावाखाली प्रवेशासाठी पैसे घेणं महाराष्ट्रात १९८७च्या कायद्यानं बंद आहे आणि शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १३नंही. त्यात लहान मुलाची किंवा पालकांची मुलाखत-चाचणी घ्यायलाही मनाई आहे. फी किती असावी यावर २०११चा शुल्क विनियमन कायदा आहे. शाळेनं प्रस्तावित केलेली फी पालक-शिक्षक संघाच्या कार्यकारी समितीपुढे मांडावी लागते. या समितीवर पालक सोडतीनं निवडले जातात, पण बहुतेक जण त्या सभेला जात नाहीत. जा. वर्षभर व्हॉट्सॲप ग्रुपवर चडफडण्यापेक्षा तो एक तास जास्त कामाचा असतो.

आता पत्नीची नोकरी. १९७७चा कायदा इथे कामी येतो. शाळेला अनुदान नाही म्हणून शिक्षकाला कायदा नाही, ही गावोगावी पसरलेली समजूत चुकीची आहे. मान्यताप्राप्त खाजगी शाळेत कायम रिकाम्या जागेवर रीतसर नेमणूक झाली तर परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, दोन वर्षांचं. ती समाधानकारक पार पडली की कर्मचारी कायम. कामावरून काढणं, पदावनती करणं, याची पद्धत १९८१च्या नियमावलीत घालून दिली आहे. तसं न करता काढलं तर शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करता येतं, आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांच्या आत. ही मुदत फार महत्त्वाची. "सचिवसाहेब पुढच्या महिन्यात परत घेतो म्हणाले" या आशेवर लोक ती घालवून बसतात.

पण हे सगळं 'रीतसर नेमणूक' या दोन शब्दांवर उभं आहे. व्यवहारात काय होतं, तर जूनमध्ये कामावर घेतात, लेखी आदेश देत नाहीत किंवा अकरा महिन्यांचा देतात, आणि एप्रिलअखेर सेवा समाप्त. पुढच्या जूनला पुन्हा नवा आदेश. काही ठिकाणी बँकेत जमा केलेला पगार रोखीनं परत मागतात. तेव्हा पहिला प्रश्न पगाराचा न विचारता आदेशाचा विचारा. नियमावलीच्या अनुसूची 'ड'मधल्या नमुन्यात लेखी आदेश देणार का? जागा कायम आहे का? जाहिरात निघाली होती का? शिक्षणाधिकारी कार्यालयाकडे मान्यतेसाठी प्रस्ताव पाठवणार का? चारही उत्तरं 'बघू' अशी आली, तर ती नोकरी शिकवणीच्या वर्गासारखी समजून करायची असेल तर करा, भवितव्य समजून नको.

पात्रतेचा मुद्दा त्याहून तातडीचा. इंग्रजी शाळा नवी आहे म्हणजे बहुधा खालचेच वर्ग असतील. ऑगस्ट २०२३मध्ये सर्वोच्च न्यायालयानं पहिली ते पाचवीसाठी बी.एड. ही पात्रता ग्राह्य धरता येणार नाही असा निकाल दिला, तिथे डी.एल.एड., आपण अजून डी.एड. म्हणतो ते, लागतं. शिवाय पहिली ते आठवीसाठी टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, उत्तीर्ण हवी. पात्रता नसताना झालेली नेमणूक रीतसर ठरत नाही, आणि वर सांगितलेलं सगळं संरक्षण गळून पडतं. सहावीपासून पुढच्या वर्गांसाठी घेत असतील तर बी.एड. चालेल.

'आज ना उद्या अनुदान मिळेल' असं कुणी सांगितलं तर स्वयंअर्थसहाय्यित शाळेच्या बाबतीत ते खरं नाही, कायद्यातच नाही. ते आमिष अंशतः अनुदानित शाळांत चालायचं. जुन्या पेन्शनचं तर नावच नको. १ नोव्हेंबर २००५नंतर लागलेल्यांचे शंभर टक्के अनुदानित शाळांतसुद्धा त्यावरून वाद आहेत. भविष्य निर्वाह निधी कापतात का ते विचारा. ग्रॅच्युइटी मात्र खाजगी शाळेतल्या शिक्षकांनाही लागू आहे, २०२२मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ते कायम केलं. पगार सरकारी तिजोरीतून मिळणारी नोकरी हवी असेल तर वाट वेगळी आहे: शिक्षक अभियोग्यता चाचणी देऊन 'पवित्र' या शिक्षकभरतीच्या सरकारी पोर्टलवरून. अनुदानित संस्थांच्या जागाही तिथूनच भरतात, संस्थेनं मुलाखतीचा पर्याय घेतला असेल तर उमेदवार पोर्टलवरून मुलाखतीला येतात. सुरुवातीला शिक्षण सेवक म्हणून तीन वर्षं, माध्यमिकला महिना १८,००० रुपये मानधनावर.

शाळेचा प्रकार कुणाला न विचारता कसा ओळखायचा? शाळा सोडल्याच्या दाखल्यावर किंवा निकालपत्रकावर अकरा अंकी यूडायस क्रमांक, म्हणजे प्रत्येक शाळेला दिलेला सरकारी क्रमांक, असतो, महाराष्ट्राचा २७ने सुरू होतो. केंद्र सरकारच्या यूडायसच्या संकेतस्थळावर तो टाकला की व्यवस्थापनाचा प्रकार दिसतो. एका आवारात दोन क्रमांक असतील तर त्या दोन शाळा आहेत, पाटी एक असली तरी. मुलीच्या शाळेचा क्रमांक बघून धाकट्याच्या शाळेबद्दल अंदाज करू नका. आणखी खोलात जायचं तर गटशिक्षणाधिकारी किंवा शिक्षणाधिकारी कार्यालयात माहितीच्या अधिकारात मान्यता आदेश आणि संचमान्यता मागा. विनाअनुदानित शाळा स्वतः माहिती देत नसली तरी शिक्षण खात्याकडे तिची जी कागदपत्रं आहेत ती खात्याकडून मागता येतात.

बोर्डावरून शाळेचा प्रकार ओळखायला जाऊ नका. सीबीएसई म्हणजे खाजगी आणि स्टेट बोर्ड म्हणजे सरकारी, असं नसतं. केंद्रीय विद्यालय सीबीएसईचं आणि सरकारी, तुमच्या संस्थेची इंग्रजी शाळा स्टेट बोर्डाची आणि विनाअनुदानित. आश्रमशाळांतही शासकीय वेगळ्या आणि संस्थांनी चालवलेल्या अनुदानित वेगळ्या. नावातल्या 'पब्लिक स्कूल'चा तर सार्वजनिकतेशी काडीचा संबंध नाही. ती इंग्लंडातल्या जुन्या, फी घेणाऱ्या शाळांची नक्कल आहे. पुढे कधी मुलीनं परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरला आणि तिथे सरकारी की खाजगी एवढेच दोन पर्याय आले, तर 'खाजगी'वर खूण करून खाली जागा असेल तिथे 'शासन अनुदानित' एवढं लिहावं. आमच्या शाळेतून गेलेल्या मुलांना मी तेच सांगत असे आणि त्यावरून कुणाचं अडल्याचं ऐकलं नाही.

सोमवारी शाळेत जाऊन तुकडीचं विचारा. सातवीचं गुणपत्रक आणि उत्पन्नाचा दाखला सोबत न्या, आणि दाखल्याची मुदत संपलेली नाही ना ते आधी बघा. उत्तर 'विनाअनुदानित तुकडी' असं आलं तर मुख्याध्यापकांना त्या वर्षीचं परिपत्रक दाखवायला सांगा, त्यातला पात्रतेचा परिच्छेद उतरवून घ्या आणि मला कळवा.